फादर डेमियन : कड्याखालची सोळा वर्षे

१० मे १८७३ रोजी किलाउएआ नावाची आगबोट हवाई बेटांपैकी मोलोकाई या बेटाच्या उत्तर किनाऱ्याला लागली. बोटीतून थोडी गुरे उतरली, पन्नासच्या आसपास कुष्ठरोगी उतरले आणि त्यांच्या मागोमाग दोन निरोगी माणसे उतरली. त्यांतले वृद्ध गृहस्थ म्हणजे होनोलुलूचे बिशप मेग्रे. रोग्यांची भेट घेऊन ते लगेच परतणार होते. दुसरे होते तेहेतीस वर्षांचे, मजबूत बांध्याचे, चष्मा लावणारे एक बेल्जियन धर्मोपदेशक, फादर डेमियन. अंगावरचे कपडे आणि प्रार्थनेचे पुस्तक एवढेच त्यांचे सामान. अधिक सामानाची गरजही नव्हती, कारण ते कायमचे राहायला आलेच नव्हते.

ही गोष्ट मुद्दाम आरंभी सांगतो. फादर डेमियन यांच्याविषयी भाषणांतून, लेखांतून जे कानावर येते त्यात ते पहिल्याच दिवशी मरणाला मिठी मारायला निघालेले दिसतात. खरी हकीकत याहून साधी आहे. सहाच दिवसांपूर्वी शेजारच्या माउई बेटावर वाइलुकू येथे एका नव्या चर्चचा समारंभ होता. तेथे जमलेल्या धर्मोपदेशकांपाशी बिशपनी मोलोकाईच्या रोग्यांचा विषय काढला. तिथे एखादा कायमचा पाठवावा तर ते त्याला मरणाच्या दारात लोटल्यासारखे होईल, आणि तशी आज्ञा करायला बिशपांचे मन धजत नव्हते. तेव्हा चार तरुण उपदेशकांनी आपण होऊन नावे दिली. एकेकाने काही आठवडे जाऊन राहायचे, मग दुसऱ्याने यायचे, असा पाळीचा बेत ठरला. पहिली पाळी डेमियन यांची. ती सोळा वर्षे चालली.

त्यांचे मूळचे नाव जोसेफ दे व्हूस्टर. जन्म ३ जानेवारी १८४० चा, बेल्जियममधील ट्रेमेलो या खेड्यात. वडील शेती करीत आणि धान्याचा व्यापार करीत. घरात मुले पुष्कळ, जोसेफ सातवा. भाषा फ्लेमिश. हा मुलगा पुढे आपला धंदा सांभाळील अशा हिशेबाने वडिलांनी त्याला फ्रेंच शिकायला परगावी धाडले. पण घरातले वारे निराळ्या दिशेने वाहत होते. दोन बहिणी जोगिणी झाल्या होत्या, थोरला भाऊ ल्यूव्हेन येथील मठात दाखल होऊन ब्रदर पॅम्फिल झाला होता. १८५९ च्या आरंभी जोसेफही त्याच मठात गेला आणि डेमियन झाला. डेमियन हे एका जुन्या वैद्य संताचे नाव. त्यावरून काही भविष्य वाचण्याचा मोह मी टाळतो.

मठात त्याला प्रथम खालच्या पायरीवर घेतले, कारण लॅटिन येत नव्हते. थोरल्या भावाने फावल्या वेळात शिकवले आणि धाकट्याने ते नेटाने आत्मसात केले. १८६३ मध्ये पॅम्फिलची हवाई बेटांकडे जाण्यासाठी निवड झाली. जहाजाचे तिकीट निघाले, आणि त्याच सुमारास गावात आलेल्या तापाच्या साथीत रोग्यांची सेवा करताना तो स्वतः आजारी पडला. धाकट्याने काय करावे? स्थानिक वरिष्ठांना न विचारता त्याने थेट पॅरिसला संघाच्या प्रमुखांकडे पत्र धाडले : तिकीट फुकट जाऊ नये, भावाऐवजी मला पाठवावे. परवानगी आली. वरिष्ठ रागावले. आपल्याला हवे ते कोणाला डावलून का होईना मिळवायचे, हा या माणसाचा स्वभाव तेथपासूनच दिसतो. तो त्यांच्या फार उपयोगी पडला आणि फार आडही आला.

१९ मार्च १८६४ रोजी ते होनोलुलूला पोचले, आणि दोन महिन्यांतच, २१ मे रोजी, त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. पुढची सुमारे नऊ वर्षे त्यांनी हवाई या सर्वांत मोठ्या बेटावर काढली : आधी पुना, मग कोहाला. ज्वालामुखीच्या राखेतून, दऱ्याखोऱ्यांतून घोड्यावर वा पायी दिवसेंदिवस हिंडायचे, स्वतः लाकूड वाहून चर्च बांधायचे. हवाईयन भाषा ते तेथे शिकले. तेथील लोकांच्या तोंडी डेमियनचे कामियानो झाले. एकटेपणाने मात्र ते फार कष्टी होत. घरी लिहिलेल्या पत्रांत हे गाऱ्हाणे पुन्हा पुन्हा येते.

आता त्या बेटांची त्या काळची स्थिती सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे नीट कळणार नाही. हवाईत तेव्हा स्वतःचे राजघराणे होते. परंतु १७७८ मध्ये कॅप्टन कुक आल्यापासून बाहेरच्या जहाजांबरोबर देवी, गोवर, गरमी असे रोग आले, आणि ज्या लोकांच्या रक्ताला या रोगांची ओळखच नव्हती ते पटापट मरू लागले. १८३२ मध्ये मिशनऱ्यांनी केलेल्या गणतीत या बेटांवर एक लाख तीस हजार माणसे होती. १८७२ च्या गणतीत सत्तावन्न हजार उरली. चाळीस वर्षांत अर्ध्याहून अधिक प्रजा नाहीशी झालेल्या देशात कुष्ठरोग शिरला आणि पसरू लागला. ३ जानेवारी १८६५ रोजी राजा पाचवा कामेहामेहा याने कायद्यावर सही केली. रोग्यांना हुडकून, पकडून, कायमचे वेगळे करायचे. ६ जानेवारी १८६६ रोजी पहिली बारा माणसे मोलोकाईच्या कालावाओ या जागी उतरवली गेली.

जागा मोठ्या विचाराने निवडलेली होती. समुद्रात घुसलेली एक सपाट जीभ. तीन बाजूंना खवळलेले पाणी आणि चौथ्या बाजूला सुमारे दोन हजार फुटांचा उभा कडा. भिंत बांधायची गरज नाही, पहारेकरी ठेवायची गरज नाही. हवाईयन लोकांनी या रोगाला जे नाव दिले त्याचा अर्थ ताटातूट करणारा आजार असा आहे. रोग कातडीला होई, पण नाव त्यांनी कायद्यावरून ठेवले.

या वस्तीचे वर्णन करताना बहुतेक चरित्रकार एकच चित्र रंगवतात : दारू, जुगार, व्यभिचार, कायदा नाही, देव नाही, आणि मग डेमियन आले. त्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. झाडाच्या मुळ्यांपासून दारू गाळली जाई, औषधपाणी नव्हते, घरे म्हणजे गवताच्या खोपी, आणि दुबळ्याला बळकट रोगी लुटत. सरकारची कल्पना अशी की रोग्यांनी शेती करून पोट भरावे. बोटे झडलेल्या माणसांनी! पण दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितली जात नाही. १८६६ मध्ये, म्हणजे डेमियन येण्याच्या सात वर्षे आधी, पस्तीस रोग्यांनी एकत्र येऊन स्वतःचा प्रॉटेस्टंट मेळा स्थापन केला होता. सिलोआमा नावाचे त्यांचे चर्च १८७१ मध्ये उभेही राहिले. शिवाय कोकुआ नावाची माणसे होती. कोकुआ म्हणजे मदतनीस : रोगी नवऱ्याबरोबर आलेली निरोगी बायको, रोगी बायकोबरोबर आलेला निरोगी नवरा. अशांपैकी एक जोनाथन नापेला. जातीचे हवाईयन, पंथाचे मॉर्मन, पेशाने एके काळचे न्यायाधीश. १८७३ मध्येच ते आपल्या रोगग्रस्त पत्नीच्या मागोमाग या कड्याखाली आले, तिला सोडून गेले नाहीत, त्यांनाही रोग झाला, आणि १८७९ मध्ये ते तेथेच वारले. पंथ वेगळे असूनही डेमियन आणि ते चांगले स्नेही होते. जगाने डेमियनचे पुतळे उभारले. नापेलांचे नाव मी हा लेख लिहायला घेईपर्यंत ऐकले नव्हते. वाचकांपैकी किती जणांनी ऐकले असेल?

बिशप परत गेले. सेंट फिलोमिना नावाचे छोटे लाकडी चर्च आदल्याच वर्षी बांधले गेले होते, पण राहायला घर नव्हते. पहिले काही दिवस डेमियन चर्चशेजारच्या झाडाखाली झोपले. हे झाड आपल्याकडच्या केवड्याच्या जातीचे. दोन दिवसांत त्यांनी वरिष्ठांना कळवले की आपल्याला येथेच राहू द्यावे. इकडे होनोलुलूच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्या स्तुतीचा गजर सुरू केला. गंमत अशी की या स्तुतीनेच दरवाजा बंद केला. आरोग्य मंडळाला वाटले की आपल्या कारभाराची ही अप्रत्यक्ष निंदाच चालली आहे. त्यांनी हुकूम काढला : जो कुष्ठरोग्यांत राहिला त्याला परत बाहेर येता येणार नाही. राहण्याची इच्छा त्यांची, पण कुलूप सरकारचे. पुढे हा हुकूम सैल झाला, मात्र त्या पहिल्या महिन्यांतला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. कॅथलिक उपदेशकाला दुसऱ्या उपदेशकापाशी पापनिवेदन करावे लागते. त्यांचे वरिष्ठ बोटीने आले, पण कप्तान त्यांना उतरू देईना आणि डेमियनना वर चढू देईना. तेव्हा खालच्या होडीत उभे राहून डेमियननी आपली पापे वर ओरडून सांगितली. इतरांना कळू नयेत म्हणून फ्रेंचमध्ये, इतकेच.

कामाची यादी मोठी आहे, सगळी देत बसत नाही. दरीतल्या झऱ्याचे पाणी लोखंडी नळांतून वस्तीपर्यंत आणले. १८७४ च्या वादळात गवताच्या खोपी उडून गेल्या तेव्हा सरकारकडून लाकूड मिळवून, हातीपायी धड असलेल्या मुलांना हाताशी धरून घरे उभी केली. अनाथ मुलामुलींसाठी दोन वसतिगृहे काढली. जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. पूर्वी प्रेते चादरीत गुंडाळून उथळ खड्ड्यात टाकत आणि रात्री डुकरे ती उकरत. डेमियननी दफनभूमीला कुंपण घातले आणि शवपेट्या स्वतः तासायला सुरुवात केली. अशा शेकडो पेट्या त्यांनी केल्या. प्रेतयात्रा निघे ती वाजतगाजत. झडलेल्या बोटांच्या वादकांचा बँड पुढे असे. चर्चमध्ये पेटी वाजवायला दोघे बसत आणि दोघांची उरलेली बोटे मिळून सूर पुरा करीत, अशीही हकीकत सांगतात.

सुरुवातीला त्यांना स्वतःला ते सोसत नव्हते. जखमांच्या दुर्गंधीने चर्चमध्ये पूजा अर्धी टाकून मोकळ्या हवेत पळावे असे होई. त्यावर उतारा म्हणून ते तंबाखूची चिलीम ओढू लागले. पुढे हीच चिलीम रोग्यांच्या तोंडून त्यांच्या तोंडी आणि त्यांच्या तोंडून रोग्यांच्या तोंडी फिरू लागली. हवाईयन लोकांचे मुख्य अन्न पोई, म्हणजे आपल्या अळकुड्या शिजवून, कुटून केलेली लापशी. ती एका मोठ्या भोपळ्याच्या भांड्यात ठेवतात आणि सगळे भोवती बसून बोटांनी खातात. पाहुण्याने त्या भांड्यात बोट घातले नाही तर तो पाहुणा नव्हे, परका. डेमियन बोट घालीत.

येथे स्वतःविषयी दोन ओळी लिहितो. गेल्या हिवाळ्यात आमचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर एका कुष्ठसेवा वसाहतीजवळच्या गावात होते. एका दुपारी आम्ही वीसएक जण वसाहत पाहायला गेलो. तेथील एका आजींनी आम्हाला चहा केला. आजींच्या हाताची बोटे वाकलेली; रोग बरा होऊन तीस वर्षे झालेली. आमच्या डॉक्टरांनी आधीच समजावले होते की औषध घेतलेल्या माणसापासून काहीएक धोका नसतो. मला ते पटलेही होते. तरी मी उपवासाचे निमित्त सांगितले. त्या दिवशी मंगळवार होता, आणि मी मंगळवार करीत नाही. आजी काही बोलल्या नाहीत, कप परत घेऊन गेल्या. नंतर आम्ही समूहगीत म्हटले, छायाचित्रे काढली. या लेखासाठी वाचताना पोईच्या भांड्यापाशी आलो तेव्हा तो कप आठवला, आणि ते पान मला दोनदा वाचावे लागले.

डेमियन यांची दंतकथा अशी सांगितली जाते की बारा वर्षे ते प्रवचनात तुम्ही कुष्ठरोगी असे म्हणत, आणि ज्या दिवशी स्वतःला रोग झाल्याचे कळले त्या दिवशी प्रथम आपण कुष्ठरोगी असे म्हणाले. प्रसंग नाट्यमय आहे पण खरा नाही. पहिल्याच वर्षी भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळवले होते की प्रवचनात मी स्वतःला यांच्यातच धरून बोलतो. अंगावर डाग नव्हता तेव्हाची ही भाषा आहे. आणि भाषेवरून एक गोष्ट सुचते. फ्रेंचमध्ये किंवा त्यांच्या घरच्या फ्लेमिशमध्ये याला एकच शब्द आहे. हवाईयन भाषेत मात्र आपल्या मराठीसारखेच आम्ही आणि आपण हे दोन वेगळे शब्द आहेत. ऐकणारा आत आहे की बाहेर, हे बोलणाऱ्याला दर वाक्यात ठरवावेच लागते. घरच्या भाषेत जे मोघम राहिले असते ते कालावाओत दर रविवारी स्पष्ट करावे लागले.

याचा अर्थ ते गोड स्वभावाचे होते असे नाही. तापट, हट्टी, दुसऱ्याच्या सल्ल्याला न जुमानणारे असे त्यांचे वर्णन त्यांच्या मित्रांनीही केले आहे. दारूच्या बैठका चालल्या असल्या की हे काठी घेऊन तेथे पोचत आणि भांडी लाथाडून देत. प्रॉटेस्टंट वा मॉर्मन पंथाच्या रोग्यांना आपल्याकडे ओढण्याचा त्यांचा उत्साह शेवटपर्यंत कमी झाला नाही. त्यांच्या दृष्टीने तो परोपकारच होता, पण ज्यांची माणसे ओढली जात त्यांना तसे वाटणे शक्य नव्हते. मदतीला आणखी एक उपदेशक पाठवा म्हणून ते वर्षानुवर्षे वरिष्ठांच्या मागे लागले. बर्गरमन आणि माँतिताँ असे दोघे वेगवेगळ्या वेळी आले, आणि दोघांशीही त्यांचे पटले नाही. एकटेपणाबद्दल रडायचे आणि सोबत आली की भांडायचे, असा हा विचित्र प्रकार. दूर राहून अशा माणसाचे कौतुक करणे सोपे असावे. त्याच्या शेजारच्या खोलीत राहणे तितके सोपे नसावे.

१८८१ मध्ये राजकन्या लिलिउओकलानी वस्ती पाहायला आली. तिचा भाऊ राजा कालाकाउआ तेव्हा जगाच्या सफरीवर होता (याच सफरीत तो मुंबईलाही येऊन गेला). रोग्यांसमोर भाषण करायला ती उभी राहिली, पण तिला हुंदका आवरेना. परत गेल्यावर तिने डेमियनना राज्याचे मानचिन्ह पाठवले. ते त्यांनी क्वचितच अंगावर घातले.

१८८४ च्या अखेरीस एकदा पाय शेकण्यासाठी त्यांनी गरम पाण्यात बुडवले. कातडी भाजून फोड आले तरी त्यांना काहीच लागले नाही. अर्थ काय तो त्यांना डॉक्टरांपेक्षा आधी कळला असावा. बारा वर्षे ते हेच पाहत होते. जर्मन डॉक्टर आर्निंग यांनी निदानावर शिक्कामोर्तब केले. आईला कळू नये अशी त्यांची धडपड होती. पण बेल्जियमच्या वर्तमानपत्रांनी बातमी तिखटमीठ लावून छापली, ती तिच्या वाचनात आली, आणि १८८६ मध्येच ती वारली.

त्या वर्षी ते उपचारासाठी थोडे दिवस होनोलुलूला गेले. गोतो नावाच्या जपानी डॉक्टरांची स्नानपद्धती त्यांना फार गुणकारी वाटली. परत येऊन त्यांनी वस्तीत तशीच स्नानगृहे उभारायचा घाट घातला. पण हे दिवस त्यांना सुखाचे गेले नाहीत. इंग्लंडमधील चॅपमन या अँग्लिकन पंथाच्या उपदेशकाने त्यांचे वृत्त वाचून हजार पौंडांच्या घरात निधी जमवून पाठवला. डेमियननी तो रोग्यांच्या कपड्यांवर खर्च केला. वरिष्ठांना मात्र हे सारे आवडले नाही. एका माणसाचा एवढा गवगवा, तोही परपंथीयांकडून, आणि इतरांचे काम जणू नाहीच! त्यांनी त्यांना कडक पत्रे लिहिली. रोगापेक्षा या पत्रांनी आपल्याला अधिक दुखवले असे डेमियननी मित्रांना कळवले आहे. वरिष्ठांचे म्हणणे निव्वळ मत्सराचे होते असे मला वाटत नाही. पण आजारी माणसाला ते कोणत्या वेळी सांगितले गेले, हेही पाहिले पाहिजे.

आणि मग, शेवटच्या तीन वर्षांत, जी सोबत त्यांनी तेरा वर्षे मागितली होती ती आपोआप येऊ लागली. २९ जुलै १८८६ रोजी आयरा डटन नावाचा अमेरिकन किनाऱ्यावर उतरला. यादवी युद्धातला जुना सैनिक. लग्न मोडलेले, मध्यंतरी दारूत बुडालेली वर्षे. त्याने कोणतीच दीक्षा घेतली नव्हती. आपल्या मागल्या आयुष्याचे प्रायश्चित्त घ्यायला, पगाराविना, तो आला होता. त्याला सगळे ब्रदर जोसेफ म्हणू लागले. त्याचे डेमियनशी पटले. तो तेथे चव्वेचाळीस वर्षे राहिला, १९३१ मध्ये वारला, आणि त्याला रोग झाला नाही. १८८८ मध्ये बेल्जियन फादर कॉनरार्डी आले, शिकागोहून जेम्स सिनेट नावाचा शुश्रूषक आला, आणि १४ नोव्हेंबरला मदर मेरियन कोप दोन जोगिणींसह आल्या. या मदर मेरियन १८८३ पासूनच होनोलुलूत रोग्यांची सेवा करीत होत्या. हवाईच्या राज्याने पन्नासहून अधिक संस्थांकडे जोगिणी मागितल्या होत्या. होकार एकट्या त्यांच्या संस्थेचा आला. त्यांची शिस्त डेमियनहून निराळी : स्वच्छता, वेळेवर हात धुणे, मुलींना शिवण, बागेला फुले. तीस वर्षे त्या तेथे राहिल्या, १९१८ मध्ये वार्धक्याने गेल्या. त्यांच्या जोगिणींपैकी एकीलाही कुष्ठरोग झाला नाही.

डिसेंबर १८८८ मध्ये एडवर्ड क्लिफर्ड हा इंग्रज चित्रकार भेटीला आला. त्याने बरोबर आणले होते गर्जनाचे तेल, म्हणजे आपल्या अंदमानच्या जंगलातल्या गर्जन वृक्षाचे. या रोगावर त्या तेलाचा प्रयोग अंदमानात झालेला होता. डेमियननी ते लावून पाहिले, थोडा आराम वाटला, पण उशीर झाला होता. क्लिफर्डने त्यांचे चित्र काढले. ते पाहून आपला चेहरा इतका बिघडला आहे याची आपल्याला कल्पना नव्हती, असे ते सहज बोलून गेले.

१५ एप्रिल १८८९ रोजी, पवित्र आठवड्यातील सोमवारी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी फादर डेमियन वारले. ज्या झाडाखाली ते पहिल्या रात्री झोपले होते त्याच झाडाखाली त्यांना पुरले.

मृत्यूनंतर चार महिन्यांतच होनोलुलूच्या डॉ. हाइड या प्रॉटेस्टंट उपदेशकाने एका सहकाऱ्याला खाजगी पत्र लिहिले. डेमियन हा गलिच्छ, अडाणी, हेकट माणूस होता, वस्तीतल्या सुधारणांचे श्रेय त्याचे नाही, आणि स्त्रियांशी वाईट संबंध असल्यानेच त्याला रोग झाला, असा त्याचा मजकूर. पत्र सिडनीत छापले गेले. योगायोग असा की ट्रेझर आयलंडचा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन नुकताच मोलोकाईला आठवडाभर राहून गेला होता. जोगिणींच्या मुलींबरोबर क्रोके खेळला होता आणि मागाहून त्यांच्यासाठी पियानो पाठवला होता. त्याने फेब्रुवारी १८९० मध्ये उघडे पत्र लिहून हाइडचा समाचार घेतला. स्टीव्हन्सन स्वतः प्रॉटेस्टंट. त्याने डेमियनचे दोष नाकारले नाहीत. गबाळेपणा, हट्ट, अडाणीपणा सगळे कबूल केले. फक्त हाइड आपल्या सुखवस्तू घरात बसून राहिला आणि हा माणूस तेथे गेला, एवढेच दाखवून दिले. स्त्रियांविषयीच्या आरोपाला पुरावा कधीच मिळाला नाही, आणि रोग तशा संबंधाने होतच नाही. १८७३ सालच्या फेब्रुवारीत, डेमियन बोटीतून उतरण्याच्या तीनच महिने आधी, नॉर्वेत हान्सेनने या रोगाचे जंतू पाहिले होते. बहुसंख्य माणसांच्या शरीरात या जंतूंना तोंड देण्याची शक्ती उपजतच असते. डेमियन त्या थोड्यांपैकी निघाले, डटन निघाला नाही.

या मृत्यूचे पडसाद आपल्याकडेही उमटले. लंडनमध्ये डेमियन यांच्या स्मरणार्थ निधी उभा राहिला आणि त्यातून कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठी एक आयोग १८९० मध्ये हिंदुस्थानात धाडला गेला. संसर्गाची भीती अवास्तव आहे, सक्तीने वेगळे काढण्याची गरज नाही, असा निष्कर्ष आयोगाने काढला. तरीही सरकारने १८९८ मध्ये निराधार कुष्ठरोग्यांना पकडून डांबण्याचा कायदा केला. तो पुस्तकातून पुसायला २०१६ साल उजाडले. आयोग आला त्याच वर्षी, १८९० मध्ये, मुंबईत माटुंग्याला बेघर रोग्यांसाठी आश्रम निघाला. तो काढणारे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ म्हणजे मराठी घेतलेल्या आपल्या मित्रांच्या ओळखीचेच : शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर पोवाड्यांचा संग्रह करणारे ते हेच.

ज्याच्या बदली डेमियन हवाईला गेले तो थोरला भाऊ पॅम्फिल १८९५ मध्ये, वयाच्या उतरणीला, धाकट्याच्या जागी काम करायला मोलोकाईला आला. त्याला ते झेपले नाही. दोन वर्षांनी तो ल्यूव्हेनला आपल्या पुस्तकांकडे परत गेला.

कायदा मात्र टिकून राहिला. १९४० नंतरच्या दशकात गुणकारी औषधे निघाली, रोगी बरे होऊ लागले, तरी सक्तीची हद्दपारी १९६९ मध्ये उठली. तोवर कड्याखाली सुमारे आठ हजार माणसे पाठवली गेली होती. बहुतेकांच्या थडग्यांवर आज नावही नाही.

१९३६ मध्ये बेल्जियम सरकारच्या विनंतीवरून डेमियन यांची शवपेटी उकरून काढली गेली. मर्केटर नावाचे जहाज ती घेऊन अँटवर्पला पोचले, स्वागताला खुद्द राजा आला, आणि ल्यूव्हेनच्या चर्चमध्ये तिचे थाटाने दफन झाले. ४ जून १९९५ रोजी पोपनी त्यांना धन्य घोषित केले, ११ ऑक्टोबर २००९ रोजी संत. कालावाओच्या झाडाखालची कबर साठ वर्षे रिकामी होती. १९९५ च्या समारंभानंतर बेल्जियमने त्यांचा उजवा हात तेवढा हवाईला परत दिला. आयुष्याची बरीच वर्षे याच वस्तीत काढलेल्या वृद्धांच्या साक्षीने तो त्या जुन्या कबरीत ठेवला गेला.